ज्या वस्तीकडे जाऊ नको म्हणत

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघत आहे, तीत आपणही काही लिहावे, असा आग्रह कार्यवाह भगिनींनी केला. केमच्या कुंकवाविषयी मी लिहीन अशी त्यांची अपेक्षा होती. आमचे घर कुंकवाचे. हळकुंडे, टाकणखार, लिंबाचा रस यांच्या वासातच माझे बालपण गेले. परंतु त्या विषयावर लिहिणाऱ्या माझ्याहून जाणत्या भगिनी मंडळात आहेत. मी आज निराळ्याच विषयावर लिहिणार आहे, आणि त्याला निमित्त मंडळातच घडले.

मागे एका सभेनंतर आम्ही चौघीजणी बोलत बसलो होतो. एका सभासद भगिनीची मुलगी शिक्षणासाठी सोलापुरास जायची होती. खोली कोठे घ्यावी याची चर्चा चालली होती. मी सोलापुरात चाळीस वर्षे काढली, हे ठाऊक असल्याने त्या मुलीने मला विचारले, "आजी, सोलापुरात कोणता भाग वाईट आहे? कुठे राहू नये?"

प्रश्न सरळ होता. उत्तरही माझ्या जिभेवर आले होते. "सेटलमेंटकडे तेवढी जाऊ नको." हे शब्द ओठापर्यंत आले आणि मीच दचकले. कारण हे शब्द माझे नव्हते. ते माझ्या आत्याचे होते, सुमारे पासष्ट वर्षांपूर्वीचे. त्या वस्तीतील मुले मी पुढे वर्षानुवर्षे शिकविली, त्यांच्या घरी चहा प्याले, तरीही जुने वाक्य आत तसेच बसून होते. ते तेथे कसे आले, कोणी बसविले, आणि त्यापायी कोणाला काय सोसावे लागले, ही हकीकत सांगावी म्हणून हा लेख.

1958 साली मी फायनलची परीक्षा उत्तीर्ण झाले आणि ट्रेनिंग कॉलेजासाठी सोलापुरास आत्याकडे राहावयास गेले. केमच्या स्टेशनवर वडिलांनी गाडीत बसविले. कुर्डुवाडी, माढे, मोहोळ, बाळे अशी एकेक स्टेशने मागे पडली आणि गिरण्यांची धुराडी दिसू लागली. घरी पोहोचताच आत्याने माझी शिकवणी घेतली. भाजी कोठून आणावी, कोणत्या रस्त्याने जावे, आणि कोठे जाऊ नये. गिरणी सुटण्याच्या वेळी अमुक रस्ता नको, दारूच्या दुकानापुढून नको. आणि शेवटी आवाज खाली आणून, "सेटलमेंटकडे तर पाऊलसुद्धा टाकायचं नाही. तारेच्या आतली माणसं. चोऱ्यामाऱ्या करणारी. जन्मजात."

आत्या त्या वस्तीत कधी गेली नव्हती. तिच्या घरी कधी चोरी झाली नव्हती. तिला हे तिच्या सासूने सांगितले होते. शेजारणींना विचारावे तर त्यांचेही असेच. प्रत्येकीला वस्तीची भीती होती, पण प्रत्येकीची भीती उसनी होती. मीही ती उसनी घेतली आणि चार वर्षे नीट सांभाळली.

ही वस्ती आली कोठून, हे मला पुढे वाचून आणि विचारून कळले.

1871 साली इंग्रज सरकारने 'क्रिमिनल ट्राइब्ज ॲक्ट', म्हणजे गुन्हेगार जमातींचा कायदा केला. सुताराचा मुलगा जसा सुतार होतो तसा चोराचा मुलगा चोर होतो, काही जातीच मुळात गुन्हेगार असतात, अशी त्या कायद्यामागील समजूत होती. आरंभी तो उत्तर हिंदुस्थानात लागू झाला. 1911 साली नवा कायदा होऊन तो मुंबई इलाख्यासही लागू करता येऊ लागला आणि 1924 साली पुन्हा सर्व एकत्र करून पक्का करण्यात आला. एखाद्या मनुष्याने चोरी केली की नाही, हा प्रश्नच या कायद्यात उरला नव्हता. सरकारने एखादी जमात गुन्हेगार म्हणून जाहीर केली की त्या जमातीतील माणसांची नावे नोंदवहीत चढत, बोटांचे ठसे घेतले जात, ठरल्या वेळी हजेरी द्यावी लागे, आणि परवान्यावाचून गाव सोडता येत नसे. या जाहीरनाम्यावर न्यायालयात दाद मागण्याचीही सोय नव्हती. मुलांना आईबापांपासून वेगळे करून सरकारी शाळेत ठेवण्याचा अधिकारही सरकारकडे होता.

ही माणसे कोण, तर कैकाडी, भामटा, पारधी, कंजारभाट, मांग गारुडी, छप्परबंद अशी. यांतील बहुतेक फिरस्ते. कोणी टोपल्या विणीत, कोणी शिकार करीत, कोणी जनावरांवर माल लादून गावोगाव विकीत. रेल्वे आली, जंगलाचे कायदे आले, आणि फिरत्या लोकांचे कितीतरी धंदे बसले. धंदा बसलेला, घर नसलेला माणूस सरकारास संशयित दिसू लागला. त्यांच्यात चोऱ्या करणारे कोणीच नव्हते असे मी म्हणणार नाही. पण ज्याचा धंदा हिरावला त्यालाच नोंदवहीत चोर म्हणून लिहिले, आणि त्याच्या पाळण्यातील पोरालाही तेच नाव दिले, हे त्या कायद्याचे खरे रूप.

मुंबई इलाख्यात अशा लोकांसाठी वसाहती उघडण्याचे काम स्टार्ट नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने केले. सोलापूरची वसाहत त्यांतील मोठी. अमेरिकन मराठी मिशनने जिचा कारभार पाहिला ती उमेदपूरची वसाहतही सोलापुरातलीच. उमेदपूर हे नाव केवढे चांगले, पण भोवती तारेचे कुंपण. सोलापूरच निवडले जाण्याचे एक कारण गिरण्या. तेथे मजूर हवेच होते. वसाहतीतील माणसे सकाळी गिरणीत जात, काम संपले की हजेरीला परत येत. ज्यांची वर्तणूक चांगली ठरे त्यांना कुंपणाबाहेर घर बांधून राहण्याची सवलत मिळे. त्या बाहेरच्या वस्तीला 'फ्री कॉलनी' म्हणत. सोलापुरात आजही 'सेटलमेंट फ्री कॉलनी' या नावाने आणि क्रमांकाने वस्त्या ओळखल्या जातात. पत्ता सांगताना हे नाव सांगावे लागते, आणि ते ऐकताच ऐकणाऱ्याचा चेहरा बदलतो.

येथे मला एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. आपण सोलापूर जिल्ह्यातील लोक 1930 सालचा अभिमान बाळगतो. त्या वर्षीच्या मे महिन्यात सोलापूर शहरातून इंग्रजांचा अंमल काही दिवस उठला. मग सरकारने लष्करी कायदा पुकारला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यास फाशी दिले. म्हणजे सरकारच्या दृष्टीने त्या वेळी सारे सोलापूरच धोक्याचे ठिकाण होते, आणि ते चौघे गुन्हेगार. आपण ते मानले नाही. आपण त्यांना हुतात्मे म्हटले, त्यांचे पुतळे उभारले. पण त्याच सरकारने, त्याच शहरात, तारेमागच्या माणसांना गुन्हेगार म्हटले, ते मात्र आपण निमूटपणे मानले. सरकारचे एक म्हणणे खोटे आणि दुसरे खरे, हे आपण कशावरून ठरविले, याचा विचार मी तरी पुष्कळ वर्षे केला नव्हता.

आता केमची हकीकत. ती मी आजवर कोठे लिहिली नाही, आणि घराबाहेर बोललेही नाही.

1952 सालचा जानेवारी महिना. मी दहा वर्षांची होते. सुगीच्या दिवसांत गावाबाहेरच्या माळावर दरवर्षी पारध्यांची पाच-सहा पाले पडत. त्यांतील एक बाई आमच्या दारी येई. शिळी भाकरी घेई, कधी तित्तर विकावयास आणी. आई तिला पानावर चिमूटभर कुंकू देई. ती ते तेथेच कपाळाला लावी आणि उरलेले पदराला बांधून नेई. तिच्या पाठीवर झोळीत तान्हे मूल असे. मी त्या मुलाला गूळ देत असे.

त्या वर्षी संक्रांतीच्या हळदीकुंकवाच्या दिवशी आईचा चांदीचा करंडा सापडेना. तो तिच्या माहेरचा. सारे घर धुंडाळले, माजघर, फडताळ, कोनाडे. नाहीच. कोणीतरी म्हणाले, "पाले पडली आहेत की." एवढेच. पुढचे कोणी बोलले नाही, पण पुढचे सर्वांना कळले. वडिलांनी वर्दी दिली. त्या रात्री पोलीस आले आणि त्यांनी पाले उलटीपालटी केली. माणसांचे ओरडणे आमच्या परसापर्यंत येत होते. आईने मला जवळ ओढून माझे कान झाकले. सकाळी तीन पुरुषांना धरून नेले. चौथ्या दिवशी ते परत आले तेव्हा त्यांतील एकाला, त्या बाईच्या नवऱ्याला, धड चालता येत नव्हते. मुद्देमाल काहीच मिळाला नव्हता. दोन दिवसांनी पाले उठली.

होळीच्या आधी कुंकवासाठी हळकुंडांची पोती उपसावयास काढली. एका पोत्यात, तळाशी, फडक्यात गुंडाळलेला करंडा निघाला. आजीने ठेवला होता. तिला विसरभोळेपणा जडला होता. आठवण करून दिली तेव्हा म्हणाली, "पालं पडलीत, काही सांगता येत नाही, म्हणून मीच दडवला की."

भगिनींनो, या वाक्यावर मी फार विचार केला आहे. आमचा करंडा पारध्यांनी चोरला नव्हता. तो आमच्या भीतीने दडविला, आमच्या भीतीनेच तो हरवला असे ठरविले, आणि शिक्षा मात्र पाल्यातल्या माणसाला झाली.

आई वडिलांना म्हणाली, "पोलिसांना कळवायला हवं. त्या लोकांना निरोप द्यायला हवा." वडील दुष्ट नव्हते. हिशोबाला चोख, कोणाचा पैसा न बुडविणारे. पण ते म्हणाले, "आता बोलून काय उपयोग? पालं तर गेली." आणि करंडा सापडल्याची गोष्ट चार भिंतींत राहिली. गावात मात्र 'पारध्यांनी करंडा नेला' हेच राहिले. पुढे कोणाची शेळी हरवली, कोणाचे खळे उचकटले, की आमच्या करंड्याचा दाखला दिला जाई. आईने तो करंडा पुन्हा कधी हळदीकुंकवास काढला नाही. आज तो माझ्याकडे आहे.

आणखी एक गोष्ट मला मोठेपणी कळली. हे सारे घडले तेव्हा तो कायदा आपल्याकडे उरलाच नव्हता. मुंबई प्रांताने तो 1949 सालीच रद्द केला होता. अय्यंगार समितीच्या शिफारशीनंतर 31 ऑगस्ट 1952 रोजी साऱ्या भारतातून तो गेला. म्हणून विमुक्त जमाती 31 ऑगस्ट हा मुक्तिदिन मानतात. देश 1947 साली स्वतंत्र झाला, यांना आणखी पाच वर्षे लागली. पण आमच्या माळावर त्या जानेवारीत कायदा आला नव्हता, कायद्याची सवय आली होती. ती रद्द करण्याचा ठराव कोणत्याच विधिमंडळात होत नसतो.

1960 साली पंतप्रधान जवाहरलाल नेहरू सोलापुरास आले आणि त्यांनी सेटलमेंटचे तारेचे कुंपण तोडले. आजपासून तुम्ही विमुक्त, अशा अर्थाचे ते बोलले. याच कायद्याविरुद्ध त्यांनी 1936 साली नेल्लोरच्या दौऱ्यातही आवाज उठविला होता. सारे सोलापूर त्या दिवशी नेहरूंना पाहावयास लोटले होते. आम्हा मुलींनाही जायचे होते. पण आत्या म्हणाली, "पंडितजींना स्टेशनच्या रस्त्यावर बघ हवं तर. तिकडे वस्तीत नाही जायचं." तेव्हा देशाचा पंतप्रधान ज्या वस्तीत गेला तेथे मी भीतीपोटी गेले नाही. तारा तुटल्या ते मी पाहिले नाही. आमच्या घरातील तारा त्या दिवशीही शाबूत होत्या.

1961 साली मी नगरपालिकेच्या एका शाळेत शिक्षिका म्हणून लागले. पुढच्या वर्षी पटनोंदणीसाठी घरोघर जाण्याचे काम आले आणि माझ्या वाट्याला सेटलमेंटचा भाग आला. रात्रभर झोप नाही. आत्याने मंगळसूत्राच्या दोन वाट्यांखेरीज सारे दागिने काढून ठेवावयास लावले. माझे लग्न नुकतेच झाले होते. यजमान शाळेच्या कोपऱ्यापर्यंत सोबत आले.

वस्तीत पाहिले तर काय? ओळीने छोटी घरे, अंगणे सारवलेली, एका दारात टोपली विणणे चाललेले, नळावर भांडण, शेळीचे करडू, धुणे. आमच्या पेठेत जे होते तेच, थोडे अधिक दारिद्र्य एवढेच. एका घरी प्रौढ बाई होती, गिरणीत कामाला जाणारी. तिने घोंगडे टाकले आणि म्हणाली, "बसा बाई. एकट्याच आला? भ्या न्हाई वाटलं?"

मी खोटे बोलले. म्हटले, "नाही, कशाचे भय?"

ती हसली. म्हणाली, "आमाला वाटतं की. तुमच्या पेठंत यायचं म्हंजी आमाला लई भ्या वाटतं."

मला हे नवीनच होते. आमच्या पेठेची कोणाला भीती वाटावी! मग तिने सांगितले. बाजारात आमच्या बायका कधी एकट्या जात नाहीत, दोघी मिळून जातात, म्हणजे एकीला धरले तर दुसरी घरी सांगावयास येते. दुकानात हात पदराबाहेर ठेवायचे. काहीही विकत घेतले की दुकानदाराकडून चिठ्ठी मागायची आणि ती पदराच्या गाठीत बांधायची. कोणी हटकले, झडती घेतली, तर चिठ्ठी दाखवावयाची. तिने मला आपल्या पदराची गाठ सोडून दाखविली. आत पाच-सहा चिठ्ठ्या होत्या. एक आगपेटीची होती. पै-पैशाच्या आगपेटीचीसुद्धा!

मला आमच्या दारातील बाईचा पदर आठवला. तिच्या गाठीत आमचे कुंकू होते. तिने चिठ्ठी मागितली नव्हती. तिचा आमच्यावर विश्वास होता.

त्या बाईची सासू ओसरीवर बसली होती. तिने तारेच्या काळची हकीकत सांगितली. घंटा झाली की हजेरी. बहिणीच्या मुलाचे लग्न परगावी असले तरी पास हवा, आणि पास मिळेपर्यंत अक्षता पडून जात. म्हातारी म्हणाली, "कुंपण आमास्नी बाहीर जाऊ देत न्हवतं, ते जाऊंद्या. पर तुमास्नी आत कुणी अडवलं हुतं? तुमी का न्हाई आला?" याला माझ्यापाशी उत्तर नव्हते. अजूनही नाही.

त्या दिवशी मी एकोणीस मुलांची नावे लिहून आणली. त्यांतली काही शिकली, काही सुटली. एक मुलगी शिक्षिका झाली, एक मुलगा एस. टी. त चालक. एक खरोखरच चोरीत सापडला, हेही लिहिते. आमच्या पेठेतील मुलांतही एक सापडला होता. फरक एवढाच की पेठेतल्या मुलाची चोरी त्याच्या एकट्याची ठरली, आणि वस्तीतल्या मुलाची साऱ्या वस्तीची.

पुढे दिवस पालटले. सरकारने यांच्यासाठी सवलती केल्या. महाराष्ट्रात चौदा जमाती विमुक्त म्हणून नोंदल्या आहेत. लक्ष्मण गायकवाड यांनी 'उचल्या' हे आत्मकथन लिहिले, ते 1987 साली निघाले आणि त्यास साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. आपल्याच सोलापूरचे बाळकृष्ण रेणके यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय आयोग नेमला गेला आणि 2008 साली त्याचा अहवाल आला. गिरण्या एकेक करून बंद पडल्या. ज्या धुराड्यांसाठी ही माणसे आणून बसविली ती धुराडीही गेली. वस्ती राहिली आणि तिचे नावही राहिले. एखाद्या भागाचे नाव वाईट होण्यास एक पिढी पुरते, ते धुऊन निघण्यास तीन पिढ्याही अपुऱ्या पडतात, असे माझ्या पाहण्यात आले आहे. वस्तीत राहतो म्हटले की सोयरीक जुळत नाही, उधारी मिळत नाही, नोकरीच्या मुलाखतीत पत्ता ऐकून प्रश्न बदलतात. काहीजण नातलगाचा पत्ता देतात. माझ्या एका विद्यार्थ्याने लग्नपत्रिकेत घराऐवजी मंदिराचा पत्ता छापला होता.

कोणास वाटेल, या जुन्या गोष्टी, आता कोण असे करतो? म्हणून 2018 सालची गोष्ट सांगते. त्या वर्षी मुले पळविणारी टोळी आली आहे अशी अफवा मोबाईलवरून गावोगाव पसरली होती. 1 जुलैला, बाजारच्या दिवशी, धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे पाच भिक्षेकऱ्यांना लोकांनी धरले, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडले आणि मारून टाकले. ते नाथपंथी डवरी गोसावी होते, भटक्या जमातीचे, आणि बहुतेक आपल्या मंगळवेढे तालुक्यातले. पिढ्यानपिढ्या भिक्षा मागत फिरणारी माणसे. ज्यांनी मारले त्यांनाही आपण आपल्या मुलांचे रक्षण करीत आहोत असेच वाटत असणार. आमच्या घरीही सर्वांना आपण करंड्याचे रक्षण करीत आहोत असेच वाटले होते. बातमी वाचली त्या रात्री मला 1952 सालचे ओरडणे पुन्हा ऐकू आले. तेव्हा निरोप तोंडातून कानात जाई, आता तो खिशातील यंत्रातून जातो. वाट तीच आहे.

याचा अर्थ भीती सगळी खोटीच असते असे नव्हे. मी दोन मुलींची आई आहे. अंधाऱ्या रस्त्याची, दारूच्या अड्ड्याची, छेड काढणाऱ्या टोळक्याची भीती खरी असते आणि ती बाळगावीच. पण खऱ्या भीतीची एक खूण मला आयुष्यात सापडली. तिला प्रश्न विचारले तर ती उत्तर देते. काय घडले? केव्हा घडले? कोणाच्या देखत घडले? रस्त्यावर दिवा नाही, अमक्या महिन्यात तमक्या ठिकाणी असे झाले, असे खरी भीती सांगू शकते. मग त्यावर उपाय करता येतो, दिवा लावता येतो, अर्ज करता येतो, सोबतीने जाता येते. उसनी भीती मात्र एवढेच सांगते की, 'ती माणसेच तसली.' तिला तारीख नसते, साक्षीदार नसतो. आणि तिच्यावर उपाय म्हणून नेहमी कोणाचे तरी पालच उठवावे लागते.

आणि ज्या वस्तीला आपण धोक्याची म्हणतो, तेथील बायकांनाही अंधाराची, दारूची, छेडछाडीची तीच भीती असते. उलट अधिकच, कारण तक्रार करावयास गेल्या तर प्रथम त्यांचाच पत्ता विचारला जातो.

त्या मुलीला मी शेवटी काय उत्तर दिले ते सांगते. मी म्हटले, "बाळ, कोणता भाग वाईट हे मला ठाऊक नाही. खोली घेण्याआधी संध्याकाळी सातनंतर तेथे आईबरोबर एकदा चालून ये. दिवे आहेत का पाहा, बायका बाहेर बसलेल्या दिसतात का पाहा, नि त्यांनाच विचार." ती गेली, पाहून आली, आणि तिने खोली घेतली. कोठे घेतली ते मी विचारले नाही.

आपले कुंकू पंढरपुरास जाते, तुळजापुरास जाते, न जाणो आणखी कोठकोठे जाते. ते कोणाच्या कपाळी लागते हे आपण कधी विचारीत नाही. परंतु मंडळाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवास कोणाला बोलवावयाचे याची यादी आपण करतो, आणि माळावरच्या पालांतील बायका त्या यादीत कधीच नव्हत्या. मी इतकी वर्षे मंडळात आहे, मीही त्यांची नावे कधी घातली नाहीत. यंदा ती घालावीत अशी माझी कार्यवाह भगिनींना विनंती आहे. बोलावणे करावयास मी स्वतः जाईन, गुडघे दुखतात तरी जाईन.

त्या दिवशी आईचा करंडा बाहेर काढीन म्हणते. ज्या बाईची क्षमा मागावयाची ती आता भेटणार नाही. तिचे नावही आम्ही कधी विचारले नव्हते.